लाइपझिगच्या गॉथ फेस्टिव्हलला एका दिवसात किती बँड बघून होतात? एकटं गेलं तर चालतं का?

तुम्ही विचारलंय की तुम्ही जर्मनीत शिकताय, डार्कवेव्ह आणि पोस्ट-पंक (गॉथ लोकांचं उदास, काळोखं संगीत) ऐकता, सोबत यायला कोणी नाही, काळे म्हणावेत असे दोन टीशर्ट आहेत, तर वेव्ह-गोटिक-ट्रेफनला, म्हणजे लाइपझिगच्या या गॉथ फेस्टिव्हलला, जावं का आणि दिवसाला किती बँड होतात.

सरळ आकडा हवा असेल तर पाच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा शनिवारच्या कागदावर आठ बँडना गोल केला होता, बघितले पाच, त्यातले दोन यादीत नव्हतेच, आणि ज्याच्यासाठी माग्डेबुर्गहून एवढी तडफडत आले होते तो अर्धाच बघितला. तरी तो दिवस मला अजून तासागणिक आठवतो, म्हणून जरा लांबड लावते.

आधी हे समजून घ्या की हे एका मैदानातलं फेस्टिव्हल नाहीये. लोक आपल्याकडच्या मोठ्या कॉन्सर्टसारखं एक ग्राउंड, दोन स्टेज, चिखल असं डोक्यात घेऊन येतात. तसं हवं असेल तर ऑगस्टमध्ये हिल्डेसहाइमच्या विमानतळावर मेरा लूना नावाचं दुसरं गॉथ फेस्टिव्हल होतं तिकडे जा, ते खरंच सोपं आहे. वेगेटे (इथे सगळे असंच म्हणतात, तीन अक्षरं जर्मन पद्धतीने) म्हणजे फिंगस्टन या मे-जूनमधल्या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीत शुक्रवार ते सोमवार अख्खं लाइपझिग शहर. वीसेक हजार माणसं, दोनशेच्या आसपास बँड, आणि ते कुठे कुठे, तर जुन्या कारखान्यात, तळघरात, नाटकाच्या थिएटरात, एका जुन्या तरण तलावाच्या इमारतीत, चर्चमध्ये. तिकीट चारही दिवसांचं एकच, आणि मनगटाला पट्टा बांधला की ट्राम-बस त्यातच आली. ही ट्रामची गोष्ट नीट लक्षात ठेवा कारण तुम्ही कुठला बँड बघणार हे तुमची आवड ठरवत नाही, ट्राम ठरवते.

सगळ्यात मोठा हॉल शहराच्या दक्षिण टोकाला आहे आणि त्याचं नाव, हसू नका, आग्रा. पूर्व जर्मनीच्या काळात तिथे शेतकी प्रदर्शन भरायचं, त्या शब्दांचा शॉर्टफॉर्म आहे तो. मी आईला फोनवर म्हटलं की आज आग्र्याला आहे रात्री, तर ती म्हणे भारतात कधी आलीस.

तर शनिवार. दुपारी सुरुवात त्या आग्र्याच्या शेजारीच, ड्योलिट्झच्या जुन्या वेशीपाशी, तिथे मध्ययुगीन बाजार लागतो, नाव 'हायडनिशेस डॉर्फ', म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या लोकांचं गाव म्हणा. (त्या वेशीच्या घरात कथलाच्या छोट्या सैनिकांचं म्युझियम आहे, नेपोलियन लाइपझिगला हरला त्या 1813 च्या लढाईचं, वेळ असेल तर डोकवा.) तंबू, लोहार, मधाची दारू, लाकडी भट्टीतला हांडब्रोट म्हणजे आत चीज आणि मशरूम भरलेला पाव, शाकाहारी असाल तर दिवसभराचं पोट इथेच भरून घ्या, पुढे रात्री फक्त बटाट्याचे फ्राइज मिळतात. तिथे पहिला बँड बघितला, तीन बॅगपाइप आणि दोन भलेमोठे ढोल. मी असल्या संगीताची फॅन नाही, मला ते जत्रेतलं वाटतं, पण ढोल सुरू झाल्यावर माझे पाय आपोआप ताशाच्या ठेक्यात पडायला लागले आणि बाजूच्या शिंगंवाल्या काकांनी अंगठा दाखवला. अर्धा तास छान गेला, एवढंच.

ऊन मरणाचं होतं. मी मखमली लांब स्कर्ट घातला होता कारण फोटोत सगळ्यांनी तसंच घातलेलं दिसतं. मूर्खपणा. मे-जूनमध्ये तिथे तीस डिग्री सहज होतं आणि दुपारी तीनला सगळे व्हँपायर झाडाखाली पाणी पीत बसलेले असतात, चेहऱ्याची पांढरी पावडर वाहून कॉलरवर आलेली.

तिथून 11 नंबरची ट्राम. ही ट्राम म्हणजे खरं फेस्टिव्हल आहे असं मी कोणालाही सांगेन. दक्षिणेपासून कॉनेविट्झ, मग कार्ल-लीबक्नेश्ट रस्ता, मग मध्यभाग, मग स्टेशन, अशी सगळी महत्त्वाची ठिकाणं एका दोरीत ओवलीत. आत घेरदार स्कर्टवाल्या तीन बायका, गॅसमास्क लावलेला एक माणूस, आणि त्यांच्यात भाजीची पिशवी घेतलेल्या स्थानिक आज्या, कोणालाच काही वाटत नाही. एका आजींनी माझ्या बाहीची लेस हातात धरून विचारलं, हाताने विणलीय का? मी म्हटलं नाही, ऑनलाइन घेतलीय. त्यांचा चेहराच पडला.

कॉनेविट्झला उतरून वेर्क 2, जुना कारखाना, विटांच्या भिंती, वर लोखंडी तुळया. इथे माझ्या यादीतली एक जोडी होती, ती गाते आणि तो सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) वाजवतो, ड्रम सगळे मशीनवर. गॉथमध्ये ड्रम मशीन ही काटकसर समजत नाहीत, सिस्टर्स ऑफ मर्सी या जुन्या इंग्लिश बँडने तर आपल्या मशीनला डॉक्टर अ‍ॅव्हलांच असं नाव देऊन बँडचा मेंबर करून टाकलं होतं, त्यामुळे स्टेजवर ड्रमर नसला की इथे कोणी नाक मुरडत नाही. पाऊण तास वाजवलं त्यांनी, मधे एक शब्द बोलले नाहीत, शेवटी फक्त डांके, म्हणजे थँक्यू. मला हे फार आवडतं. हात वर करा, आवाज येतोय का, असलं काही नाही.

आणि नाच बघा तिथला. जर्मन लोक स्वतःच त्याची चेष्टा करतात की तीन पावलं पुढे, तीन पावलं मागे, पण हॉल भरून चारशे माणसं तसं करायला लागली की जमीन सरकल्यासारखी वाटते. कोणी ढकलत नाही. पुण्यात मी एका मेटल शोमध्ये बरगडीला कोपर खाल्लं होतं, इथे माझ्या स्कर्टवर पाय पडला म्हणून एका सहा फुटी, भुवया काढून टाकलेल्या माणसाने दोनदा माफी मागितली.

मी निघणार होते पण बाहेर ऊन होतं म्हणून तिथेच थांबले आणि पुढचा बँड यादीत नसताना बघितला, तो वाईट होता. अगदीच वाईट. नाव घेत नाही, पोरं लहान होती.

मग चूक केली. मला पश्चिमेला प्लागविट्झमध्ये फेल्झनकेलरला जायचं होतं, ट्राम बदलून. 1890 सालचा हॉल आहे, छत बघण्यासारखं, डाव्या क्रांतिकारक रोझा लुक्झेम्बुर्गने तिथे भाषण केलंय. गर्दी, ट्राम खच्चून, पोचले तर दारावर बोर्ड: आइनलासस्टॉप. म्हणजे हॉल भरला, आता आतला एक बाहेर आला की बाहेरचा एक आत. हा शब्द पाठ करा, चार दिवसांत वीस वेळा दिसतो. चाळीस मिनिटं रांगेत उभी राहिले, आतून बेसचा धप धप आवाज येतोय आणि आपण फुटपाथवर, लग्नाच्या हॉलबाहेर पंगतीची वाट बघत उभं राहिल्यासारखं. रांगेत पुढे ड्रेसडेनची एक बाई होती, पन्नाशी पार, ती बर्लिनची भिंत पडायच्या आधीपासून ग्रुफ्टी, म्हणजे इकडच्या भाषेत गॉथ. तेव्हा पूर्व जर्मनीत असं दिसणं म्हणजे पोलिसांचं लक्ष ओढवून घेणं होतं, म्हणाली. 1988 ला पॉट्सडॅमच्या टेकडीवर असल्या लोकांनी पहिल्यांदा जमायचा प्रयत्न केला होता तो किस्सा तिनेच सांगितला, आणि मग भिंत गेल्यावर 1992 ला कॉनेविट्झमध्ये पहिलं खरं ट्रेफन झालं, दोनेक हजार माणसांचं. ती तेव्हापासून येतेय. 2000 साली मधेच आयोजकांचं दिवाळं निघालं, पगार नाही म्हणून माणसं निघून गेली आणि काही बँडनी फुकट वाजवलं, तेव्हाही ती होती, आणि ते तिचं सगळ्यात आवडतं वर्ष. मी विचारलं या वर्षी आतापर्यंत किती बँड बघितले, तर म्हणे एक. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ होती! बाकीचा वेळ ती ओळखीच्या लोकांना भेटत फिरत होती. ट्रेफन म्हणजे भेटणंच ना, म्हणाली.

आत काही जाता आलं नाही. भूक लागलेली, पाय दुखत होते, रडू यायचं बाकी होतं. म्हटलं शहराच्या मध्यभागी तरी जाऊ, तिथून आग्र्याची ट्राम मिळेल.

आणि तिथे मोरिट्झबास्टाय. शहराच्या जुन्या तटबंदीतला एकच उरलेला बुरूज, सोळाव्या शतकातला. युद्धानंतर त्यात शहराचा राडारोडा भरला होता, तो 1974 पासून विद्यापीठाच्या पोरांनी खणून बाहेर काढला आणि आत क्लब केला. त्या खणणाऱ्यांत फिजिक्स शिकणारी एक मुलगी होती, तीच पुढे चॅन्सेलर मेर्केल. आपल्याकडे गडावर श्रमदान करतात तसंच, फक्त इथे शेवटी खाली बार निघाला. मी टॉयलेटसाठी आत गेले, खरंच, दुसरं काही कारण नव्हतं. दगडी जिना खाली, अजून खाली, कमानीच्या खोल्या, बाहेर तीस डिग्री आणि आत माठातल्या पाण्यासारखा गारवा. एका खोलीत दोन माणसं वाजवत होती. एक बेस गिटार, एक जुना कीबोर्ड, समोर फारतर साठ जण. बाई कुठल्या भाषेत गात होती तेसुद्धा मला कळलं नाही, आणि त्याने काही अडलंही नाही, या संगीतात भाषा न कळण्याची सवय असते लोकांना, तुर्की भाषेत गाणाऱ्या शी पास्ट अवे या बँडला जर्मन पब्लिक हॉल भरून ऐकतं. पण इथे छत इतकं खाली होतं की तिचा आवाज दगडाला लागून परत यायचा आणि ती त्या परत आलेल्या आवाजाची वाट बघून पुढची ओळ घ्यायची. गुहेत भजन म्हटल्यावर होतं तसं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते आणि भिंत कापत होती. पाय दुखायचे थांबले. आठातला एकही गोल या बँडभोवती नव्हता.

बाहेर पडताना त्यांच्याकडून पाच युरोला कॅसेट घेतली. आता कॅसेट वाजवणार कशावर! टेप आहे साताऱ्याला, आईच्या कपाटावर, त्यात अजून आजोबांची नाट्यगीतं अडकलीत. पुढच्या दिवाळीला वाजवली तर आई स्वयंपाकघरातून ओरडली, कोण रडतंय गं?

मग आग्रा. माझा लाडका जुना इंग्लिश बँड, कॉलेजात असल्यापासूनचा. नाव देत नाही कारण त्या रात्री गायकाचा आवाज पार बसला होता, आणि हजारो लोक ते न बोलता सहन करत होते. हॉल म्हणजे गोडाऊन, आवाज मागपर्यंत येईपर्यंत त्याचा काला होतो, मागे उभं राहिलात तर फक्त धूर आणि निळा लाइट. चौथ्या गाण्यापर्यंत मी दुसऱ्यांदा घड्याळ बघितलं, आणि सहाव्याला निघाले, कारण सगळे एकदम सुटले की स्टॉपवर काय होतं ते शुक्रवारी बघितलं होतं. शुक्रवारची आग्र्याहून सुटका रात्री दीडला झाली होती.

आता तुमचे बाकीचे प्रश्न. एकटं जा, बिनधास्त. मी मुलगी, एकटी, रात्री एकला ट्राममधून गेले आणि सगळ्यात भीतीदायक गोष्ट म्हणजे एकाने मला त्याच्या पाळलेल्या उंदराचे फोटो दाखवले. भारतीय चेहरे मला दिवसभरात दोन दिसले, कोणी त्यावरून काही विचारलं नाही, बांगड्यांबद्दल मात्र तिघींनी विचारलं, काळ्या काचेच्या होत्या, तुळशीबागेतल्या.

कपड्यांचं म्हणाल तर काळा टीशर्ट, काळी पँट पुरे, निम्मी माणसं तशीच असतात, ते नटलेले लोक फोटोत जास्त दिसतात इतकंच. (फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, आनंदाने उभे राहतात. न विचारता काढणाऱ्यांना मी स्वतः एकदा झापलंय.) दुसऱ्या वर्षी मी संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसून गेले, सुती, हवेशीर, आणि एकटीच काय ती दुपारी तीनला झाडाखाली नव्हते. आईला अजून वाटतं ती साडी मी पूजेला नेली.

यादी करताना दिवसाचे तीन बँड ठरवा आणि ते 11 च्या ट्रामवरच्या जागांमधले घ्या. पश्चिमेकडचं काही हवं असेल तर तो अख्खा दिवस तिकडेच काढा, मधे दक्षिणेला पळू नका. ज्याच्यासाठी जीव जातोय त्याच्या आधीच्या बँडला जाऊन उभे राहा, म्हणजे आइनलासस्टॉप लागला तरी तुम्ही आत असता. इअरप्लग न्या. हॉटेल आत्ताच बघा, नाहीतर माझ्यासारखं शेजारच्या हाले शहरात राहून रोज ट्रेनने ये-जा करावी लागते, आणि रविवारी पहाटे स्टेशनवर शेवटची गाडी गेल्यावर थंडीत पहिली गाडी येईपर्यंत बसलेले पन्नास काळे कपडेवाले लोक असतात, त्यात एक मी होते, ड्रेसडेनची ती बाई पण तिथेच भेटली परत, तिने थर्मासमधला चहा दिला. तोपर्यंत तिचे दोन झाले होते.