फोनवर मेल आली, ऑफिसातून गेली

प्रश्न : उद्यमबागेत आमची फाउंड्री आहे. चौदा जणांच्या फोनवर कंपनीची मेल जोडली. तिघांची मेल फोनवर येते, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसेनाशी होते. काय चुकलं?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : दादा, त्या तिघांचं खातं 'पॉप'नं जोडलेलं असणार. पॉप मेल फोनवर उतरवून घेतं आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरची प्रत पुसतं. खातं 'आयमॅप'नं जोडा, त्यात मेल सर्व्हरवरच राहते : येणाऱ्या मेलला पोर्ट 993, जाणाऱ्या मेलला 587. पण जुनं खातं घाईनं काढू नका. उतरलेल्या मेल आता फक्त त्या फोनवरच असतील. आधी त्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवून घ्या.

सर्व्हर एक्स्चेंजचा (मायक्रोसॉफ्टची कंपन्यांसाठीची मेल व्यवस्था) असेल तर फोनमध्ये 'एक्स्चेंज'च निवडा, कॅलेंडरही येतं. मात्र जोडताना काही फोन कंपनीसाठी दूरवरून डेटा पुसण्याची परवानगी मागतात, ती कामगाराला मराठीत, कन्नडमध्ये नीट समजावून सांगा. मच्छेच्या एका कारखान्यात नोकरी सोडलेल्या पोराचा फोन मीच पुसला होता. कंपनीच्या मेलबरोबर त्याच्या लेकीच्या बारशाचे फोटोही गेले. तो गेटवर फोन हातात धरून उभा होता, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नव्या एक्स्चेंजमध्ये फक्त कंपनीचं खातं पुसायची सोय आहे. तीच वापरा.