पगार २१ हजारांवर गेला तर ईएसआय जाईल, मग वाढ मागू का?

प्रश्न : ताई, मी चाकणला सुट्या भागांच्या एका कारखान्यात डिस्पॅच बघते. सहा वर्षं झाली. ग्रॉस पगार २०,५००. दर एप्रिलला पाच-सातशे वाढतात. मागच्या वर्षी एक सहकारी सोडून गेला, तेव्हापासून त्याची ई-वे बिलं (माल पाठवताना लागणारी जीएसटीची ऑनलाइन कागदपत्रं) आणि ट्रान्सपोर्टवाल्यांचा हिशोबही माझ्याच गळ्यात आहे. वाढीचं बोलले तर साहेब म्हणाले, ‘‘२१ हजार ओलांडलेत की ईएसआय बंद. आईची औषधं चालू आहेत ना? तुमच्याच भल्याचं बघतोय.’’ आईला मधुमेह आहे, औषधं ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विमा योजनेच्या, दवाखान्यातून मिळतात. काय करू?
– एक वाचक, चाकण

उत्तर : वाढ मागा, आणि नीट मागा. साहेब खोटं बोलत नाहीत, पण अर्धंच सांगताहेत. मी भोसरीत बरीच वर्षं पगारपत्रकं केली. आईच्या औषधांचं नाव काढून बाईला गप्प बसवायचं, हे तिथंही पाहिलंय आणि तेव्हाही मला त्याचा संताप यायचा.

ईएसआयची मर्यादा २०१७पासून २१,००० आहे, हे खरं. तुमच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, म्हणजे १५४ रुपये. कंपनी सव्वातीन टक्के भरते, म्हणजे साधारण ६६६ रुपये. तुम्ही मर्यादेबाहेर गेलात की हे ६६६ कंपनीचे वाचतात. ते साहेबांनी तुम्हाला सांगितलं नाही.

म्हणून पगार २१,३०० वर नेऊन घेऊ नका. त्यात ईएसआयही जाईल आणि हातात फारसं काही पडणार नाही. एकदम २५,००० मागा आणि सोबत कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईचं नाव घालायला सांगा. स्वतः पॉलिसी काढलीत तर या वयात, मधुमेह असताना हप्ता जड जातो आणि आधीच्या आजारासाठी थांबावंही लागतं. ग्रुप पॉलिसीत बहुतेकदा ती अट नसते. तरी कागद वाचून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वाढ १ एप्रिलपासून नको, मेपासून लागू करून घ्या. ईएसआयच्या वर्गणीचा काळ १ एप्रिल ते ३० सप्टेंबर असतो. तो सुरू झाल्यावर मध्येच मर्यादा ओलांडली तर काळ संपेपर्यंत तुम्ही आतच राहता, कपात वाढलेल्या पगारावर होते. आणि त्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये मिळतो. एका महिन्याची वाढ सोडलीत की आईची दुसरी सोय लावायला वर्षभर हाताशी येतं. फक्त फरक एप्रिलपासून धरून देतो म्हणाले तर नको म्हणा, आणि ईएसआयच्या शाखा कार्यालयात एकदा खात्री करून घ्या.

बोलायला फेब्रुवारीत जा. एप्रिलची पत्रं छापली की साहेबांचेही हात बांधलेले असतात. घरच्या अडचणी सांगू नका. एका कागदावर लिहून न्या : महिन्याला किती गाड्या सुटतात, सहकारी गेल्यावर कोणतं काम आलं, त्याच्या जागी माणूस घेतला असता तर पगार किती गेला असता. मग म्हणा, ‘‘साहेब, दोन टेबलांची कामं मी करते. २५ हजार आणि आईचा मेडिक्लेम, एवढं ठरवून द्या.’’ आणि थांबा. शांतता झाली म्हणून घाईघाईनं ‘‘निदान हजार तरी’’ म्हणू नका. आपल्या बायका नेमक्या तिथंच घसरतात.

हो म्हणाले तर वाढ कुठल्या रकान्यात टाकताहेत ते बघा. बेसिकमध्ये टाकायला सांगा, कारण ग्रॅच्युइटी शेवटचा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) धरून निघते, तीही मागच्या सगळ्या वर्षांची. बेसिक हजारानं वाढला तर तुमच्या सहा वर्षांच्या नोकरीवर सुमारे ३,४६० रुपये वाढतात. नोव्हेंबर २०२५पर्यंतच्या नियमात ‘इतर भत्ता’ फुगवला तर त्यातलं काही मिळत नव्हतं.

नाही म्हणाले तर विचारा, ‘‘मग कधी?’’ जो महिना सांगतील तो त्याच संध्याकाळी ई-मेलवर लिहून पाठवा. आणि बायोडेटा अद्ययावत करून ठेवा. डिस्पॅच आणि ई-वे बिल दोन्ही येणारी माणसं चाकण-तळेगाव पट्ट्यात लागतात.