शेतात चांदीचं झिजलेलं जुनं इंग्लिश नाणं सापडलंय. एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला क्रूस. कोणत्या राजाचं असेल? आणि साफ कसं करू?

साफ करू नका. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

माझं नाणं इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्यात, नांगरलेल्या शेतात मिळालं. अंगठ्याच्या नखाएवढं, अगदी पातळ. रात्री भिंगाखाली धरलं तर राजाच्या नावातला ‘एस’ उलटा कोरलेला दिसला. तेव्हा भावजी पुण्याहून आमच्याकडे आलेले. दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना त्यांनी टूथपेस्ट लावून ते देवातल्या निरांजनासारखं घासून ठेवलं. प्रेमानेच केलं, पण तो ‘एस’ गेला तो गेलाच.

वर म्हणाले, ‘हेन्रि’ एवढं तरी स्पष्ट वाचता येतंय, म्हणजे दुसऱ्या हेन्री राजाचंच. मी म्हणालो, जॉन राजाचं. तो वाद आजही मिटलेला नाही.

नाण्यावर ज्याचं नाव त्याचंच नाणं, हा समज साफ चूक आहे. छोट्या क्रुसाची पेनी, म्हणजे असलं चांदीचं छोटं नाणं, दुसऱ्या हेन्रीने ११८० साली काढली आणि ती १२४७ पर्यंत चालली. मधल्या काळात रिचर्ड आला, जॉन आला, नाव मात्र हेन्रीचंच राहिलं. उलटा ‘एस’ जॉनच्या १२०५ च्या सुमाराच्या नाण्यांवर सापडतो. पुण्याच्या माणसाला तर हे समजावून सांगायलाच नको! पेशव्यांच्या पुण्यात पाडलेल्या अंकुशी रुपयावर नाव मोगल बादशहाचंच असायचं ना?

तुमच्या नाण्याचा चेहरा विसरा, क्रूस बघा. दुहेरी रेघांचा आणि कडेच्या अक्षरांच्या आतच थांबलेला असेल तर ११८० ते १२४७. दुहेरीच, पण पार कडेपर्यंत गेलेला असेल तर १२४७ ते १२७९. कडा कातरून चांदी चोरली तर लगेच लक्षात यावं म्हणून तो लांबवला होता. एकेरी, कडेपर्यंत गेलेला आणि चारही कोनांत तीन-तीन टिंबं असतील तर १२७९ चा पहिला एडवर्ड किंवा त्याच्यानंतरचा कोणीतरी. तिथे पुढचं काम अक्षरांवरून करावं लागतं, ते फोटोशिवाय मी सांगणार नाही. वजन साधारण १.४ ग्रॅम भरायला हवं, पण कातरलेलं असेल तर कमी भरेल.

हो, आणि शेतमालकाची परवानगी होती ना? एकटं नाणं सहसा कायद्याने ‘ट्रेझर’, म्हणजे कळवावाच लागणारा जुना ठेवा, ठरत नाही, पण त्याच जागी दुसरं मिळालं तर चौदा दिवसांत कळवावं लागतं. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम, म्हणजे लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणारी योजना, तिचा तुमच्या भागातला अधिकारी नाणं बघून नोंद करून घेतो. त्याच्याकडे आहे तसं, मातीसकट न्या.

त्याआधी आज रात्रीच दोन्ही बाजूंचे फोटो काढा, दिवा तिरका धरून. त्या रात्री मी एक जरी फोटो काढला असता तर भावजींसमोर ठेवला असता. नाणं जॉनचंच होतं.