टूल आठवड्यात येईल, निर्णय घ्यायला वेळ लागतो

प्रश्न : मी भाषाशास्त्रात एम.ए. करते आहे. काही महिने बहुभाषिक मजकुराला लेबलं लावण्याचं (शब्दाचं व्याकरण काय, वाक्यात भावना कोणती, अशा खुणा करण्याचं) ऑनलाइन काम केलं. यात करिअर होईल का? त्यासाठी कोणतं टूल शिकू?

उत्तर : होईल, पण सुरुवात टूलपासून करू नकोस. ब्राउझरमध्ये चालणारी ही टूल्स आठवड्याभरात हाताळता येतात. ब्रॅट, डोकॅनो किंवा जर्मनीच्या डार्मश्टाट तांत्रिक विद्यापीठातलं वेबअ‍ॅनो आणि त्याच्या पुढचं इन्सेप्शन, सगळी मुक्तस्रोत आहेत. एक नीट आलं की दुसरं अडत नाही.

कस लागतो तो लेबल ठरवताना. ‘मला हे पुस्तक आवडतं’ यात कर्ता कोणता? आवड माझी, पण क्रियापद पुस्तकामागे जातं : ‘पुस्तकं आवडतात’. दोन जाणकार दोन लेबलं लावतील आणि दोघांकडेही कारण असेल. अशा वेळी नियम लिहिणारा माणूस लागतो, आणि काम बहुभाषिक असेल तर तो नियम इतर भाषांतल्या अशाच वाक्यांनाही पेलला पाहिजे. युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज या प्रकल्पाने वाक्यातल्या शब्दांच्या नात्यांना लेबलं लावण्यासाठी 100हून अधिक भाषा एका चौकटीत आणल्या आहेत. त्यांच्या सूचना सावकाश वाच. लेबलं लावलेल्या मराठी वाक्यांचा साठा तिथे फारच छोटा आहे, याचं मला वाईट वाटतं. तुझ्यासारख्यांची गरज इथेच आहे.

लिपीकडेही लक्ष दे. ‘दऱ्या’मधला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणक मात्र दोन वेगळे शब्द मोजतो.

आता एक काम कर. मैत्रिणीला घेऊन 200 वाक्यांना भावनेची लेबलं लावा, एकमेकींचं न बघता. मग कोहेनचा ‘कप्पा’ (kappa) काढा (दोघींची लेबलं किती जुळतात याचं 1960 सालचं माप, अजून वापरात आहे). नुसत्या टक्केवारीवर विसंबू नका. बहुतेक वाक्यं ‘तटस्थ’ असतील, तर दोघींनी न वाचता सगळीकडे ‘तटस्थ’ लावलं तरी जुळणी पूर्ण दिसेल. कप्पा योगायोगाने झालेली जुळणी वजा करतो. जिथे पटलं नाही तिथे भांडा, नियम लिहा, पुन्हा लेबलं लावा. ती नियमांची पत्रिका मुलाखतीला घेऊन जा. सोबत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी येऊ दे.

नगावर पैसे मिळणाऱ्या लेबलिंगमध्येच अडकून राहू नकोस. सोपी लेबलं आता यंत्रच आधी सुचवतं, माणसाकडे तपासणी येते. सध्याच्या कामात जे अडतं ते आजपासून वहीत टिपून ठेव. गोपनीयतेचा करार असेल तर वाक्य उतरवू नकोस, फक्त अडचणीचा प्रकार लिही.