आधी पत्ता, मग बाकीचं

अनेक आशीर्वाद.

प्रौढांच्या इंग्रजीच्या वर्गासाठी ‘आणीबाणी आणि रोजचे धोके’ या धड्याची तू केलेली शब्दांची यादी वाचली. भूकंप, ज्वालामुखी, त्सुनामी, चक्रीवादळ. शब्द बरोबर आहेत, चित्रंही चांगली निवडली आहेस. तरी ही यादी बाजूला ठेव. ज्वालामुखी फुटल्याची खबर तुझ्या विद्यार्थ्यांना कुणाला द्यावी लागणार नाही. पण शेजारच्या आजी जिन्यावरून पडल्या, स्वयंपाकघरात गॅसचा वास येतोय, नवऱ्याच्या छातीत कळा येतायत, मुलानं फरशी पुसायचं औषध तोंडात घातलं, हे त्यांनाच सांगावं लागेल. तेही फोनवर, घाबरलेल्या अवस्थेत, मदतीला कुणी नसताना.

फोनवर बोलायचं म्हणजे निम्म्याहून जास्त काम ऐकण्याचं असतं, हे आपण शिक्षक विसरतो. आपण वर्गात संकटाचं वर्णन करायला शिकवतो, आणि प्रत्यक्षात वर्णन कुणी मागतच नाही. आणीबाणीच्या नंबरवर फोन लावला की पलीकडून प्रश्न येतात आणि ते ठरलेले असतात. तुम्ही कुठे आहात? कुठल्या नंबरवरून बोलताय? काय झालं? माणूस शुद्धीवर आहे का, श्वास घेतोय का? पत्ता अगदी सुरुवातीलाच विचारतात, कारण पुढे फोन तुटला तरी पत्ता हाती असेल तर मदतीची गाडी निघू शकते. म्हणून हे प्रश्न कानाला ओळखीचे होईपर्यंत वर्गात ऐकव. वेगवेगळ्या आवाजांत, वेगवेगळ्या वेगानं ऐकव. पुस्तकातल्या संथ वाचनाची सवय लागलेला विद्यार्थी खऱ्या फोनवर पहिल्याच प्रश्नाला अडतो.

पहिला पूर्ण तास एकट्या पत्त्याला दिलास तरी तो वाया जाणार नाही. प्रत्येकाला स्वतःचा पत्ता न बघता, एकेक अक्षर सुटं करून सांगता आला पाहिजे. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांत बहुतेकांची गल्लत होते. पहिल्यात जोर शेवटावर, दुसऱ्यात सुरुवातीवर हे कानाला बसेपर्यंत घोटून घे. तरी खात्री नसेल तर ‘वन, थ्री’ असे सुटे आकडे म्हणायला शिकव. घराबाहेर असताना पत्ता माहीत नसतो, तेव्हा कुठल्या रस्त्याजवळ, समोर काय दिसतंय, कितवा मजला, हे सांगता यायला हवं. नंबर त्या त्या देशाचा शिकव: ब्रिटनमध्ये 999, अमेरिका आणि कॅनडात 911, ऑस्ट्रेलियात 000, युरोपीय संघात आणि भारतात 112. आणि 911 हा ‘नाइन वन वन’ असाच म्हणवून घे. ‘नाइन इलेव्हन’ शिकलेला माणूस फोनवर अकराचं बटण शोधत बसेल.

आता माझ्या मते या धड्यातली सगळ्यात अवघड गोष्ट. आपण या मंडळींना महिनोन्‌महिने सौजन्याची इंग्रजी शिकवतो. ‘माफ करा, तुम्हाला त्रास देतोय, जरा मदत कराल का?’ संकटाच्या वेळी तीच जिभेवर येते आणि संकट त्या सौजन्याखाली दबून जातं. 25 जानेवारी 1990 रोजी कोलंबियाहून निघालेलं आव्हियांका कंपनीचं 52 क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कजवळ इंधन संपून कोसळलं. विमानातल्या 158 जणांपैकी 73 जण गेले. कॅप्टननं सहवैमानिकाला इमर्जन्सी असल्याचं कळवायला सांगितलं होतं. सहवैमानिकानं नियंत्रण कक्षाला इंधन संपत चालल्याचं सांगितलं, पण ‘इमर्जन्सी’ हा शब्द त्याच्या बोलण्यात आला नाही. ती प्रशिक्षित माणसं होती आणि इंग्रजीत काम करत होती. मग घाबरलेल्या नवशिक्यानं नेमका शब्द आपोआप उच्चारावा, ही अपेक्षा आपण कशी धरायची? ‘फायर.’ ‘सेकंड फ्लोअर.’ ‘टू पीपल इनसाइड.’ ‘शी इज नॉट ब्रीदिंग.’ एवढंच, मोठ्यानं. असं तोडून बोलण्यात उद्धटपणा नाही, हे त्यांना स्पष्ट सांग, कारण अनेकांना तो वाटतो. आणि या तासाला ‘अ’ आणि ‘द’ या उपपदांच्या चुका काढू नकोस. ज्या चुकीमुळे गाडी चुकीच्या दारात जाईल, तीच दुरुस्त कर.

यासोबत तीन वाक्यं पाठ करून घे: ‘मला समजलं नाही’, ‘हळू बोला’ आणि आपल्या भाषेचं इंग्रजी नाव सांगून ‘दुभाषी हवा’. अनेक ठिकाणी फोनवर दुभाषी जोडून देतात, पण भाषा कुठली ते आधी कळावं लागतं. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवायचा नाही, हेही.

धोक्याच्या आरोळ्या वेगळ्या शिकव. ‘हेड्स अप’ म्हणजे ‘सावध’, पण ते ऐकून नवखा माणूस डोकं वर करतो, आणि वरूनच काही पडत असेल तर तेच नको असतं. 1992 साली अमेरिकेत बॅटन रूज इथे 16 वर्षांचा एक जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला जाताना चुकीच्या घरी गेला. घरमालकानं बंदूक रोखून ‘फ्रीझ’, म्हणजे ‘हलू नकोस’, असं ओरडून सांगितलं, तो थांबला नाही, आणि गोळी लागून मेला. त्याला तो शब्द कळला नसावा असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. म्हणून ‘फ्रीझ’, ‘डक’, ‘लुक आउट’, ‘गेट बॅक’ हे शब्द अर्थ सांगून सोडू नकोस. वर्गात उभं करून, ओरडून, शरीरानं प्रतिसाद द्यायला लाव.

सराव पाठीला पाठ लावून बसवून घे, म्हणजे हातवारे आणि चेहरा कामी येणार नाहीत. फोन बंद असू दे किंवा खेळण्यातला असू दे. हल्लीच्या अनेक मोबाइलवर बाजूची बटणं ठरावीक पद्धतीनं दाबली गेली तरी चुकून आणीबाणीचा फोन लागतो. बाटल्यांवरची लेबलं थोडक्यात घे: लाल चौकटीतली चित्रं, आणि ‘डेंजर’ हा ‘वॉर्निंग’हून गंभीर धोका दाखवतो, एवढं पुरे. सफाईचं काम करणारे वर्गात असतील तर ब्लीच आणि अमोनिया एकत्र केल्यावर विषारी वायू निघतो, हे मात्र नक्की सांग.

शेवटचं, पण याची तयारी आधी करावी लागेल. ही मोठी माणसं आहेत. कुणी आगीतून, कुणी युद्धातून आलेलं असेल. ‘तुमच्यावर आलेलं संकट सांगा’ असा स्वाध्याय कधीही देऊ नकोस. कल्पित माणसाची गोष्ट दे, म्हणजे ज्याला बोलायचं नाही तो त्या आडोशानं बोलेल. सायरनचा आवाज लावणार असशील तर आधी सांग, आणि कुणी उठून बाहेर गेलं तर जाऊ दे. कुणाला पोलिसांचीच भीती वाटत असेल, तेव्हा ‘घाबरू नका’ म्हणून तो विषय उडवू नकोस, त्या देशात फोन केल्यावर नेमकं काय घडतं ते माहिती काढून सांग. आणि या धड्यानंतर एखादी बाई सगळे गेल्यावर मागे थांबेल, धोका घरातच आहे असं सांगेल. तेव्हा तिला सल्ले देत बसू नकोस. ऐकून घे, आणि अशा बायकांना मदत करणाऱ्या तिथल्या संस्थेचा नंबर तिच्या हाती दे. तो नंबर धडा घेण्याआधी शोधून, स्वतः फोन करून, चालू आहे ना ते बघून ठेव.

तुझे सर