सोलापुरात शेंगा चटणीचा घरगुती धंदा आहे, स्टेटस आणि स्टोरी टाकून खरंच गिऱ्हाईक येतं का?

येतं की, पण रोज गुड मॉर्निंग टाकून नाही. स्टेटस काय नि स्टोरी काय, २४ तासांत जाते, म्हणजे तिच्यात आजचंच काहीतरी पाहिजे. माझी मावशी चटणी विकते, सकाळी उखळात शेंगा कुटताना दहा सेकंदांचा व्हिडिओ काढते, मुसळाचा आवाज तसाच ठेवते, गाणंबिणं काही लावत नाही आणि खाली लिहिते 'आज १५ पाकिटं, संध्याकाळी ५ पर्यंत', झालं, बायका स्टेटसलाच रिप्लाय करतात 'माझी दोन बाजूला काढ गं'. संपली की लगेच 'संपली' टाकायचं, दुसऱ्या दिवशी मेसेज लवकर येतात.

गोची एकच, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस दिसायला दोघांकडे एकमेकांचा नंबर सेव्ह लागतो, तर पैसे घेतानाच समोर सेव्ह करून घ्या, गड्ड्याच्या जत्रेत बाहेरगावचे येतात त्यांचे तर नक्कीच. इन्स्टावर 'तिखट की मध्यम' असा पोल टाका, ज्यांनी बोट लावलं त्यांची नावं दिसतात, त्यांनाच मेसेज करा. रेट हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर कायम राहणाऱ्या स्टोरीत, ठेवा, नाहीतर 'केवढ्याला?' चालूच. आणि दिवसाला तीन-चारच्या वर नको, लोक म्यूट करतात, मी स्वतः दोघांना केलंय.