25 हजारांचं पॅकेज की साडेबाराशेची सोनोग्राफी?

प्रश्न थोडक्यात: वय 67, निवृत्त. तीस वर्षं सिगारेट ओढली, आता सोडली. थोरल्या भावाची प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी करताना पोटातली महाधमनी (हृदयाकडून येणारी मुख्य रक्तवाहिनी) 4.8 सेंटिमीटर फुगलेली सापडली. सेंटरवाले 25 हजारांचं सीटी स्कॅनसह ‘फुल बॉडी’ पॅकेज सुचवतात. त्यासाठी एफडी मोडू का?

नको. पण तपासणी मात्र कराच. तुम्ही पुरुष, पासष्टी ओलांडलेली, सिगारेटचा इतिहास आणि त्यात सख्खा भाऊ. सिगारेट सोडली म्हणून मागचा हिशेब पुसला जात नाही. मात्र यासाठी पोटाची साधी सोनोग्राफी पुरते. इंग्लंडचं सरकार पुरुषांना 65व्या वर्षी यासाठी एकदा बोलावतं, तेही सोनोग्राफीलाच, सीटीला नाही. त्याच सेंटरने तुम्हाला सोनोग्राफीचे 1250 सांगितलेत. उपाशी पोटी जा, आणि महाधमनीचा व्यास रिपोर्टमध्ये आकड्यात लिहून मागा. नुसतं ‘नॉर्मल’ घेऊन परत येऊ नका.

3 सेंटिमीटरच्या आत असेल तर विषय संपला. 3 ते 5.4 म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा मोजणं. खर्च पुन्हा सोनोग्राफीचाच. पुरुषांत 5.5च्या आसपास शस्त्रक्रियेचा विचार होतो, आणि सीटी खरा लागतो तो तेव्हा. आत्ताच केलात तर कुठेतरी एखादी निरुपद्रवी गाठ दिसेल आणि तिच्यामागे आणखी चार तपासण्या. पॅकेजवाल्यांचं गणित त्यावरच चालतं, असं माझं स्पष्ट मत.

तुम्ही न विचारलेली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. तुमचा आरोग्य विमा फक्त 3 लाखांचा. महाधमनीत स्टेंट बसवायची वेळ आली तर तो पुरेल असं धरून चालू नका. विमा वाढवलात तर वाढीव रकमेला प्रतीक्षा काळ, म्हणजे क्लेम न मिळण्याचा काळ, नव्याने लागतो. आधीपासूनच्या आजारासाठी तो जास्तीत जास्त 3 वर्षं. आजार कागदावर आल्यावर वाढ मागाल तर कंपनी नकारही देऊ शकते. म्हणून वाढीचा अर्ज याच आठवड्यात भरा. भावाच्या आजाराबद्दल विचारलं असेल तर खरं लिहा. लपवलंत तर क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येईल. मात्र अर्जाच्या उत्तरासाठी तपासणी महिनोन्‌महिने लांबवू नका. पोटात किंवा कमरेत अचानक जोराची कळ आली, तर फुगलेली महाधमनी फुटत असू शकते; विमा वगैरे विसरून थेट हॉस्पिटल गाठा.

जुन्या करप्रणालीत असाल तर सोनोग्राफीची पावती जपा. आयकरातल्या आरोग्य-खर्चाच्या वजावटीत प्रतिबंधात्मक तपासणीचे 5 हजारांपर्यंत धरता येतात, रोखीने दिले तरी. एफडी आहे तिथेच राहू द्या.